टाकीतला ऊस आणि बोरघाटाचा चढ

पनवेलमधून बाहेर पडलं की पळस्पे फाटा लागतो. एक रस्ता खोपोलीवरून बोरघाटाकडे वळतो, दुसरा पेण-वडखळ करत गोव्याच्या दिशेला निघतो. भल्या पहाटे इथल्या चहाच्या टपरीपाशी थांबलं तर समोरून जाणाऱ्या गाड्यांवरून या सगळ्या पट्ट्याचा व्यवहार कळतो. तुर्भ्याच्या मार्केटमधून भाजी भरून परतणारे, 'छोटा हत्ती' म्हणतात ते मिनी ट्रक, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळया आणि पत्रे घेऊन निघालेले पिकअप, तळोज्याच्या कारखान्यांत ड्रम पोचवणारे टेम्पो. मोठा ट्रक माल गावाच्या वेशीपर्यंत आणतो. तिथून दुकानाच्या दारापर्यंतचं ओझं या लहान गाड्याच वाहतात. त्यांतल्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांच्या चालकांकडून अलीकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दादा, ई-२० आल्यापासून ॲव्हरेज पडलंय."

ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. हे वाक्य किती खरं आहे, हे नीट तपासायला हवं. ज्या माणसाची रोजची कमाई लिटर आणि किलोमीटर यांच्या फरकातून निघते, त्याची तक्रार भावनेची म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे. आणि त्याच तक्रारीतून पुढचा प्रश्न निघतो. जगात 'फ्लेक्स-फ्युएल' नावाच्या गाड्या आहेत. साध्या पेट्रोलपासून ८५ टक्के इथेनॉलपर्यंत, काही देशांत तर शंभर टक्क्यांपर्यंत, जे मिश्रण टाकीत पडेल त्यावर त्या चालतात. तशी पिकअप उद्या पनवेलच्या रस्त्यावर आली तर मालकाला परवडेल का?

आधी हे इथेनॉल म्हणजे काय ते पाहू. त्यासाठी पनवेलबाहेर जायची गरज नाही. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेलमध्ये 'श्री धूतपापेश्वर' हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. घरोघरी माहीत असलेलं द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट कसं तयार होतं? काढ्यात किंवा रसात गूळ घालतात, धायटीची फुलं टाकतात आणि भांडं झाकून काही आठवडे ठेवून देतात. किण्व, म्हणजे यीस्ट, त्या गुळातली साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. बाटलीवर 'स्वयंजनित अल्कोहोल' असं लिहिलेलं असतं ते याचंच. हे अल्कोहोल आणि पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल हा एकच रेणू आहे, दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन यांचा. त्यातला तो एकटा ऑक्सिजन लक्षात ठेवा. या प्रकरणातला जवळजवळ प्रत्येक गुण आणि दोष त्याच्यापाशी जाऊन थांबतो.

आसवातलं अल्कोहोल दहा-बारा टक्क्यांच्या आसपास पोचलं की यीस्टला ते सोसवत नाही आणि काम थांबतं. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गुळाऐवजी मळी असते, भांड्याऐवजी लाखो लिटरच्या टाक्या असतात, पण यीस्टची मर्यादा तीच. म्हणून पुढे ऊर्ध्वपातन करावं लागतं. आंबवलेला द्रव तापवून वाफ थंड करत गेलं की अल्कोहोलचं प्रमाण वाढत जातं आणि ९५-९६ टक्क्यांपाशी अडतं. तिथे पाणी आणि अल्कोहोल एकाच प्रमाणात उकळू लागतात. कितीही तापवा, वेगळे होत नाहीत. पेट्रोलमध्ये मिसळायला ९९.५ टक्क्यांच्या वरचं, कोरडं इथेनॉल लागतं. हे शेवटचे चार टक्के पाणी काढण्याची युक्ती मला या साऱ्या उद्योगातली सर्वांत देखणी वाटते. झिओलाइट नावाच्या खनिजाचे मणी एका उंच नळकांड्यात भरतात. त्यांच्या अंगावरची छिद्रं एवढी बारीक असतात की पाण्याचा रेणू आत शिरतो आणि त्याहून थोराड असलेला इथेनॉलचा रेणू बाहेरच राहतो. रेणूंसाठीची ही चाळणीच. महाराष्ट्राला या उद्योगाचा अभिमान वाटावा असं एक कारणही आहे: डिस्टिलरी उभारणीत जगभर नाव मिळवलेली प्राज इंडस्ट्रीज ही कंपनी पुण्याची. प्रमोद चौधरी यांनी ती १९८०च्या दशकात सुरू केली.

गाडीत अल्कोहोल घालण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, 'इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट' नावाचा कायदा झाला होता. तो २००० साली रद्द झाला. त्यानंतर वर्षभरातच नवी सुरुवात झाली आणि ती महाराष्ट्रात झाली. २००१ साली पाच टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या चाचणीसाठी देशात तीन ठिकाणं निवडली गेली. त्यांतली मिरज आणि मनमाड ही दोन आपली, तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत कार्यक्रम सुरू झाला आणि पुढची दहा-बारा वर्षं रेंगाळला. मग मात्र वेग आला. जून २०२२ मध्ये देशाने सरासरी दहा टक्क्यांचा टप्पा ठरलेल्या मुदतीच्या पाच महिने आधी गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० पंपांवर यायला लागलं आणि २०२५ मध्ये वीस टक्के हीच सर्वसाधारण गोष्ट झाली.

आता तक्रारीकडे. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, एक लिटर इथेनॉल जाळलं की २१. रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला असल्यामुळे इथेनॉल जणू थोडं जळूनच आलेलं असतं. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर लिटरमागे ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा साडेसहा-सात टक्क्यांनी कमी भरते, आणि आधीच्या ई-१० पेक्षा साडेतीन टक्क्यांनी. नीती आयोगाच्या जून २०२१च्या आराखड्यातही हेच आकडे आहेत: जुन्या पद्धतीच्या चारचाकीला ई-२०वर सहा ते सात टक्के फटका, ई-२०साठी जुळवलेल्या गाडीला एक ते दोन टक्के. म्हणजे टपरीवरचा चालक बरोबर बोलतो. मात्र कोणी "ॲव्हरेज निम्म्यावर आलं" म्हणाला तर दोष इंधनात नसून फिल्टरमध्ये, प्लगमध्ये किंवा टायरच्या हवेत शोधायला हवा. इथेनॉल चांगला विद्रावक आहे. जुन्या टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं बसलेला गाळ ते सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये नेऊन अडकवतं. गाडी 'मिस मारते', फिटर इंजेक्टर बदलायला सांगतो. कित्येकदा फिल्टर बदलून भागतं.

साध्या गाडीला आणि फ्लेक्स गाडीला वेगळं करणारी गोष्ट म्हणजे इंजिनाला टाकीत काय आहे याची जाणीव असणं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. पुन्हा तोच ऑक्सिजन. उलट बाजूने पाहिलं तर सिलिंडरमध्ये तेवढीच हवा शिरत असताना इथेनॉलवर चालायचं तर जवळपास दीडपट इंधन सोडावं लागतं. साध्या गाडीचा संगणक इंधनाचं प्रमाण थोडंफार वरखाली करू शकतो, पण एवढी मजल त्याच्या हिशेबात नसते. त्यात शंभर टक्के इथेनॉल ओतलं तर मिश्रण पातळ पडतं, इंजिन धक्के देतं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटतो. म्हणून स्वस्त मिळालं तरी साध्या पिकअपमध्ये ते कधीही ओतू नये.

फ्लेक्स गाडी ही जाणीव दोन मार्गांनी मिळवते. पहिला मार्ग इंधनाच्या नळीत सेन्सर बसवण्याचा. विजेच्या क्षेत्राला पेट्रोल फारसा प्रतिसाद देत नाही, इथेनॉल त्याच्या दहापट देतं. दोन पट्ट्यांमधून इंधन वाहू दिलं की मिश्रणाप्रमाणे सेन्सरचा संदेश बदलतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांतल्या सेन्सरमध्ये शुद्ध पेट्रोलला सेकंदाला ५० ठोके आणि शुद्ध इथेनॉलला १५०. दुसरा मार्ग ब्राझीलने रूढ केला. मार्च २००३ मध्ये तिथे आलेल्या फोक्सवॅगन गोल या पहिल्या फ्लेक्स गाडीत असा वेगळा सेन्सर नव्हता. धुराड्यातला ऑक्सिजन मोजणारा, आजच्या प्रत्येक गाडीत असलेला सेन्सरच तिने वापरला. इंधन भरून बाहेर पडल्यावर धुरात ऑक्सिजन जास्त उरतोय असं दिसलं, की संगणक समजतो की नव्या इंधनात इथेनॉल वाढलंय, आणि पुढच्या काही किलोमीटरांत हिशेब जुळवून घेतो. बाकी बदल साधे पण आवश्यक: जास्त धार सोडणारे इंजेक्टर, ताकदीचा पंप, इथेनॉलला न फुगणारे रबर, गंज न चढणारे भाग. ब्राझीलमध्ये गेली काही वर्षं सर्वाधिक खपणारं वाहन म्हणजे फियाट स्ट्राडा, आपल्या छोट्या हत्तीएवढंच ओझं वाहणारी एक लहान फ्लेक्स पिकअप. फोर्ड एफ-१५०सारखे मोठे अमेरिकी पिकअपही अनेक वर्षं फ्लेक्स स्वरूपात विकले गेले. आपल्याकडे २०२२-२३ मध्ये टोयोटा आणि मारुती यांनी फ्लेक्स मोटारींचे नमुने दाखवले, टीव्हीएसने २०१९ मध्येच शंभर टक्के इथेनॉलवरची अपाची मोटारसायकल आणली. मालवाहू गाडीकडे मात्र सगळ्यांचं लक्ष उशिरा गेलं.

माझ्या मते इथेच चूक झाली, कारण इथेनॉलचा खरा गुण ओझ्याखाली दिसतो. खोपोली सोडून बोरघाटाला लागलेली भरलेली पिकअप डोळ्यांसमोर आणा. पाचेकशे मीटरचा चढ, दुसरा गिअर, पाय तळाला टेकलेला. कमी वेग आणि जास्त ताण अशा वेळी सिलिंडरमधलं इंधन ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच ठिकठिकाणी पेटतं आणि इंजिन खडखडतं. चालक म्हणतात, "इंजिन नॉक करतंय." ते टाळण्यासाठी संगणक ठिणगी उशिरा देतो आणि ताकद कमी होते. नॉकिंगला तोंड देण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेन आकड्याने मोजतात. आपलं जुनं साधं पेट्रोल ९१चं, ई-२० हे ९५चं, शुद्ध इथेनॉल १०८च्या आसपासचं. शिवाय वाफ होताना इथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरणारी हवा थंड होते. म्हणून जास्त कॉम्प्रेशनचं, इथेनॉलसाठीच घडवलेलं इंजिन घाटात ठिणगी वेळेवर देऊ शकतं आणि लिटरमागची घट काही अंशी भरून काढतं. सपाट रस्त्यावर रिकामी धावणाऱ्या मोटारीला हा गुण फारसा उपयोगाचा नाही. ओझ्याच्या गाडीला आहे.

थंडीची अडचण पनवेलला नाही. शुद्ध इथेनॉलची वाफ सुमारे १३ अंशांखाली पेट घेण्याइतकी निर्माण होत नाही, म्हणून ब्राझीलच्या जुन्या फ्लेक्स गाड्यांत सकाळी सुरू करण्यापुरती पेट्रोलची एक छोटी टाकी असे. कोकणपट्टीत पारा सहसा इतका उतरत नाही. जानेवारीच्या पहाटे नाशिकला माल घेऊन गेलेल्या गाडीला मात्र त्रास होऊ शकतो.

पनवेलची खरी अडचण पावसाची आहे. पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर ते तळाशी बसतं आणि डिप रॉडला लावलेली पेस्ट रंग बदलून ते दाखवते. इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. मिश्रणात थोडं पाणी आलं तर ते विरघळून जातं, इंजिन ते वाफ करून बाहेर टाकतं, काही बिघडत नाही. पण मर्यादा ओलांडली की सगळं एकदम फाटतं, दूध नासावं तसं. इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. वर उरतं कमी ऑक्टेनचं पेट्रोल, खाली जमतो पाणी-अल्कोहोलचा जाड थर, आणि पंपाचा पाइप नेमका तळाजवळून ओढतो. जुलैत पाणी तुंबल्यानंतर भरलेल्या गाड्या शे-दोनशे मीटरवर बंद पडल्या तर बहुधा हेच झालेलं असतं. जुनी पेस्ट हा मिश्र थर नीट दाखवत नाही. त्यासाठी वेगळी पेस्ट लागते, आणि ती प्रत्येक पंपावर असलीच पाहिजे. याच स्वभावामुळे पाइपलाइनमध्ये सहसा मिश्रण सोडत नाहीत. इथेनॉल टँकरने तेल कंपन्यांच्या आगारात येतं आणि पेट्रोलच्या टँकरमध्ये शेवटच्या टप्प्यावर मिसळलं जातं. पावसाळ्यात पिकअपची टाकी रिकामी ठेवू नये हेही यातूनच निघतं: रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री थंड होऊन आत पाणी सोडते.

गंमत अशी की इथेनॉलचं प्रमाण खूप वाढलं की पाण्याची भीती उलट कमी होते. ब्राझीलच्या पंपावर मिळणाऱ्या नुसत्या इथेनॉलमध्ये पाच टक्क्यांहून अधिक पाणी असतं आणि फ्लेक्स गाड्या त्यावर सुरळीत धावतात. रेणूंच्या त्या चाळणीचा खर्चही वाचतो.

आता पैशांचं बोलू. समजा एक छोटी पेट्रोल पिकअप शुद्ध पेट्रोलवर लिटरला १६ किलोमीटर देते आणि दिवसाला १५० किलोमीटर धावते. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरला १०४ रुपये धरू. शुद्ध पेट्रोलवर दिवसाचा खर्च ९७५ रुपये. ई-२०वर ॲव्हरेज १५वर आलं तर बरोबर दहा लिटर, १,०४० रुपये. फरक ६५ रुपयांचा. महिन्याच्या २६ दिवसांत १,६९० रुपये. ही रक्कम ज्याच्या घरात मुलांच्या शाळेची फी भरते त्याला 'किरकोळ घट' हा शब्द ऐकवू नये. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात स्पष्ट म्हटलं होतं की इथेनॉलमिश्रित इंधनाची ऊर्जा कमी असल्यामुळे त्याचा दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवायला हवा. तसं झालं नाही. परकीय चलन वाचलं, उसाची आणि मक्याची बिलं लवकर मिळाली, हे सारं खरं आणि चांगलं आहे. पण त्या वजाबाकीतला एक हातचा पिकअपवाल्याच्या खिशातून गेला आहे.

फ्लेक्स पिकअपला हाच हिशेब अधिक कठोरपणे लागू होतो. ८५ टक्के इथेनॉलच्या लिटरमध्ये ई-२०च्या लिटरच्या सुमारे ७६ टक्के ऊर्जा असते. ई-२० १०४ रुपयांना मिळत असेल तर ई-८५ ऐंशी रुपयांच्या खाली मिळालं तरच ते भरण्यात अर्थ आहे. ब्राझीलचे चालक हा हिशेब तोंडपाठ करतात: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. पाटीवर दोन्ही दर शेजारी असतात आणि निर्णय चालकाच्या हातात असतो. आपल्याकडे २०२४-२५च्या हंगामात तेल कंपन्यांना इथेनॉल सरासरी ७१.३२ रुपये लिटरने पडत होतं, वाहतूक आणि जीएसटी धरून. त्यावर पंपाचं कमिशन आणि इतर खर्च चढवले की ऐंशीची रेघ अगदी जवळ येते. पुण्यात ५ जून २०२१ रोजी शंभर टक्के इथेनॉल देणाऱ्या पंपांचा प्रयोग सुरू झाला, मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर 'इथेनॉल १००' आलं. पंप उभे राहिले; दर ऊर्जेच्या प्रमाणात ठरवण्याचं काम उरलं आहे, आणि ते झाल्याशिवाय कोणीही शहाणा मालक फ्लेक्स पिकअपसाठी पैसे मोडणार नाही.

त्याच्यासमोर दुसरे पर्याय आहेतच. एक किलो सीएनजीत एक लिटर पेट्रोलच्या दीडपट ऊर्जा असते आणि दर कमी, म्हणून छोट्या गाड्या तिकडे वळल्या. मोठे पिकअप डिझेलचे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाच्या उष्णतेने इंधन स्वतः पेटावं लागतं, आणि नॉकिंगला विरोध करणारं इथेनॉल नेमकं तेच करायला नाखूष. ऑगस्ट २०१४ मध्ये नागपुरात स्कॅनियाची बस ९५ टक्के इथेनॉलवर धावली, तेव्हा त्यात पेट घ्यायला मदत करणारं रसायन घालावं लागलं होतं आणि इंजिनाचं कॉम्प्रेशन २८ला १ इतकं चढवलं होतं. साध्या डिझेल पिकअपला हे जमणार नाही.

उसाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एक टन उसापासून साधारण १०० किलो साखर किंवा थेट रसापासून ७० लिटर इथेनॉल मिळतं. नीती आयोगाच्याच हिशेबाने उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. पनवेलच्या पिकअपची चाळीस लिटरची टाकी ई-८५ने भरली तर त्यामागे सोलापूर-लातूरकडचं जवळपास ९७ हजार लिटर पाणी उभं असतं. साखर काढून उरलेल्या मळीपासून बनलेल्या इथेनॉलवर हा भार बराच कमी पडतो, म्हणून 'कोणतं इथेनॉल' हा प्रश्न 'किती इथेनॉल' इतकाच महत्त्वाचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस आणि ऊस कमी पडल्यावर केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली, ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली. मधल्या काळात मक्याने मोठी जागा घेतली आणि कोंबड्यांचं खाद्य महाग झालं म्हणून पोल्ट्रीवाले ओरडू लागले.

दराचा प्रश्न सुटेपर्यंत ज्याला आपल्या गाडीचं नेमकं काय होतंय हे जाणायचं आहे, त्याने अंदाजावर न जाता मोजावं. एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. नेहमीचे फेरे मारून टाकी पाव उरली की त्याच पंपावर तशीच भरावी. जितके लिटर बसले त्याने किलोमीटरला भागावं. घाटाचे फेरे वेगळे, सपाटीचे वेगळे लिहावेत, ओझं किती होतं तेही. असे पाच फेरे झाले की वहीत जो आकडा उरतो तो त्या गाडीचा खरा आकडा, आणि दराबद्दल बोलायला पळस्पे फाट्यावरच्या माणसाकडे त्याहून भक्कम कागद दुसरा नाही.